खाणीच्या जनसुनावणीत गावाचा स्वतःचा तज्ज्ञ हवा, पण त्याचा खर्च कोणी करायचा?

गोदातीर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. नाशिक तालुक्यात आमचं गाव आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही. शिवाराला लागून डोंगर आहे आणि डोंगरावर दगडखाणींचे पट्टे, म्हणजे खाणीसाठी भाड्यानं दिलेले जमिनीचे तुकडे. आता शेजारशेजारच्या पट्ट्यांचं क्लस्टर धरून पर्यावरण मंजुरीचा प्रस्ताव आलाय आणि पुढच्या महिन्यात जनसुनावणी लागलीय.

ग्रामपंचायतीत पर्यावरण परिणाम अहवालाची प्रत आली आहे. जाडजूड, सगळी इंग्रजीत. सोबत मराठी सारांश आहे, तो चहा संपेपर्यंत वाचून होतो. त्यात एक वाक्य आहे की परिसरातल्या भूजलावर लक्षणीय परिणाम अपेक्षित नाही. हे कशावरून ठरवलं ते मूळ अहवालात शोधायला बसलो तर नुसते तक्ते, नकाशे आणि आलेख. मी बी.कॉम. झालोय, सरपंचताई बारावी. वाचता येतं, पण ते खरं की खोटं हे आमच्यापैकी कोणालाही सांगता येत नाही.

आता दुसरी बाजू. अहवाल लिहिणारी सल्लागार संस्था प्रकल्पवाल्यांनी नेमलेली, तिची फी त्यांनी दिलेली. सुनावणीत त्यांचा माणूस पडद्यावर स्लाइड दाखवणार. आमच्याकडून जो उठेल तो "धूळ येते, विहिरी आटतात" एवढंच म्हणणार. इतिवृत्तात त्याची नोंद होणार आणि समोर उत्तर येणार की पाणी मारू, झाडं लावू.

माझं मत सरळ आहे. पर्यावरण परिणामाचा अभ्यास ही सार्वजनिक प्रक्रिया असेल तर तीत भाग घ्यायला गावाला सार्वजनिक पैसा मिळाला पाहिजे. अहवाल मराठीत करून घ्यायला, आठवडाभर भूजलतज्ज्ञ आणायला, सुनावणीला येणाऱ्या बायामाणसांचा बुडालेला रोज भरून द्यायला. असा निधी आपल्याकडे सरकारी खर्चाच्या कुठल्या तरी शीर्षाखाली आहे का? नसेल तर कुठून मागावा? आणि तुम्हाला ही मागणी पटते का?

मखमलाबादकर

पटते. +१. वाचतोय.

क्रशरवाला_नाशिककर

मी या धंद्यात आहे, त्यामुळे आधीच सांगून टाकतो की माझं मत तुम्हाला आवडणार नाही.

दादा, आम्ही ब्रासवर स्वामित्वधन भरतो. त्यावर जिल्हा खनिज प्रतिष्ठानची, म्हणजे खाणबाधित भागासाठीच्या जिल्हा निधीची, रक्कम भरतो. सल्लागाराची फी आमची. सुनावणीचा मंडप, खुर्च्या, व्हिडिओ, पेपरातली जाहिरात, हा सगळा खर्च फिरून आमच्याच अंगावर येतो. आता आमच्या विरोधात बोलणाऱ्या तज्ज्ञाचं बिलही आम्हीच द्यायचं?

दुसरं. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आलाय. रस्ते, घाट, पूल, साधुग्राम, सगळ्याला खडी लागते. नाशिकमध्ये जो फ्लॅट घेतो तोही खडीच घेतो. इथली खाण बंद झाली तर खडी लांबून येणार आणि डंपर तुमच्याच गावातून जाणार. गावांनी प्रश्न विचारू नयेत असं माझं म्हणणं नाही. पण सरकारी पैसा घेऊन विरोध करायचा हे मला चुकीचं वाटतं.

बागाईतदार_दिंडोरी

क्रशरवाला भाऊ, तुमच्याशी वैर नाही. घर बांधलं तेव्हा खडी मीही घेतली. पण माझी द्राक्षबाग क्रशरपासून जवळ आहे, तिथं काय होतं ते ऐका.

ऑक्टोबर छाटणीनंतर फूट निघते. तिथून काढणीपर्यंत पानावर जे बसेल ते मालावर उतरतं. धूळ बसली की पान राखाडी होतं, बोट फिरवलं की रेघ उठते. मण्यांवरची लव म्हणजे ती पांढरट झिलई, निर्यातीत पहिली तीच बघतात. त्यावर धूळ चिकटली तर धुता येत नाही, धुतली तर झिलई जाते. म्हणून बाग धुळीकडच्या अंगाला शेडनेटने बांधून घेतली, खर्च माझा. तरी त्या बाजूच्या ओळींचा माल लोकलला जातो, नुकसान माझं. तुमच्या अहवालात हा खर्च कुठल्या पानावर असतो ते सांगा. मला आजवर सापडला नाही.

मी हे तोंडी सांगितलं तर ती तक्रार होते. हेच एखाद्या कृषी महाविद्यालयाच्या माणसानं पानावरची धूळ मोजून कागदावर मांडलं तर पुरावा होतो. त्या माणसाचा प्रवास, प्रयोगशाळेची फी कोण देणार? मागच्या वेळी मीच द्यायला तयार होतो. सुनावणीला दिवस इतके कमी उरले होते की कोणी आलंच नाही.

टोरोंटोची_ताई

मूळची पंचवटीतली, आता कॅनडात. धागा वाचून राहवलं नाही, कारण धागाकर्त्यांनी मागितलेली गोष्ट इथं कायद्यात आहे.

२०१९ च्या इम्पॅक्ट असेसमेंट कायद्यात कलम ७५ खाली केंद्राच्या मूल्यांकन संस्थेला सहभागींसाठी निधीची योजना चालवावीच लागते. त्याआधीच्या कायद्यांतही अशी योजना होती. मोठी खाण, धरण, पाइपलाइन आली की संस्था जाहीर करते की या मूल्यांकनासाठी इतका निधी आहे, अर्ज करा. व्यक्ती, स्थानिक संस्था, आदिवासी समुदाय अर्ज करू शकतात. पैसे तज्ज्ञाच्या फीला, प्रवासाला, बैठका घ्यायला, कागदपत्रं तपासायला मिळतात. कोणाला किती द्यायचे हे एक वेगळी समिती सुचवते, तिचा प्रकल्पाच्या मूल्यांकनाशी संबंध नसतो. करार होतो, हिशेब द्यावा लागतो, कोणाला किती मिळाले ते सगळ्यांना दिसतं.

याचं मूळ बरंच मागे आहे. १९७४ ते ७७ मध्ये मॅकेन्झी खोऱ्यातल्या गॅस पाइपलाइनची चौकशी न्यायमूर्ती थॉमस बर्जर यांनी केली. ती खाण नव्हती, पण तिथं आदिवासी संघटनांना आणि पर्यावरण गटांना सरकारी पैसा देऊन तज्ज्ञ उभे करू दिले होते. बर्जर स्वतः गावोगावी जाऊन लोकांचं ऐकून आले. ऑन्टारिओ प्रांतात तर १९८८ मध्ये स्वतंत्र कायदा झाला होता, त्यात विरोधी बाजूचा खर्च थेट प्रकल्पवाल्यानं द्यायचा. १९९६ मध्ये त्या कायद्याची मुदत संपली आणि सरकारनं ती वाढवली नाही.

क्रशरवाला भाऊ, तुमच्यासाठी एक मुद्दा. पैसे दिले म्हणजे प्रकल्प बुडतो असं नाही. लॅब्राडोरमधल्या व्हॉइसीज बे निकेल खाणीच्या सुनावणीत इनू आणि इनुइट या तिथल्या आदिवासी लोकांना निधी मिळाला होता. खाण झाली, पण अटी घालून आणि त्या लोकांशी करार करून. उलट ब्रिटिश कोलंबियातली प्रॉस्पेरिटी ही सोन्या-तांब्याची खाण २०१० मध्ये आणि नव्या आराखड्यासह २०१४ मध्ये, दोन्ही वेळा केंद्रानं नाकारली. तिथंही सहभागींना निधी होता.

मिसळप्रेमी_सातपूर

ताई, तिकडं मिसळ मिळते का हो?

टोरोंटोची_ताई

मिळते, पण काळ्या मसाल्याची नाही. तो आई पाठवते. विषयावर या.

सिडको_३

सगळं ऐकायला छान. पण आपल्याकडे निधी आला की टक्केवारी आली. आज गावाच्या नावानं निधी काढाल, उद्या शहरातली एखादी संस्था लेटरहेड घेऊन उभी राहील, पैसे उचलेल आणि गावाला दोन पानांचं निवेदन देईल. नाहीतर सरपंचच प्रकल्पवाल्याचा माणूस निघेल आणि तज्ज्ञही त्याच्याच ओळखीतला आणेल. मी पंचायत समितीत नोकरी केली आहे, रोज बघत होतो. त्यापेक्षा प्रक्रियाच नीट राबवा, पैसे नकोत.

वकीलसाहेब_शरणपूर

प्रक्रिया नीट राबवा म्हणजे काय, ते आधी लिहितो, कारण अर्धी भांडणं तिथंच मिटतात.

१४ सप्टेंबर २००६ ची पर्यावरण परिणाम अधिसूचना. जनसुनावणी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी, तोही अपर जिल्हाधिकाऱ्याच्या खालचा नको. नोटीस एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात, लोकांना किमान ३० दिवस. जागा प्रकल्पस्थळी किंवा अगदी जवळ. चित्रीकरण बंधनकारक. गणपूर्तीची अट नाही, म्हणजे पाच माणसं आली तरी सुनावणी झाली असं धरतात. शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं. लेखी हरकत देता येते आणि तिला उत्तर देणं प्रकल्पवाल्याला भाग आहे. म्हणून तोंडी बोलाच, पण लेखी द्याच.

छोट्या पट्ट्यांचं म्हणाल तर दीपक कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१२ मध्ये पाच हेक्टरखालच्या गौण खनिजाच्या (दगड, वाळू, मुरूम वगैरे) पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागेल असं सांगितलं. मग जानेवारी २०१६ च्या दुरुस्तीत क्लस्टर आलं. एका पट्ट्याची हद्द दुसऱ्यापासून ५०० मीटरच्या आत असली की ते एकत्र मोजायचे. हरित लवादाच्या, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाच्या, २०१८ च्या आदेशानंतर क्लस्टर पाच हेक्टरपुढं गेलं की अहवाल आणि जनसुनावणी आली. तुकडे करून जनसुनावणी टाळायची वाट त्यामुळे पुष्कळ बंद झाली.

आता पैशाचं. मोफत विधी सेवा आहे. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ खाली स्त्रिया, अनुसूचित जाती आणि जमातीच्या व्यक्तींना उत्पन्न न बघता वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. हरित लवादाचं पश्चिम पीठ पुण्यात आहे, नुकसानभरपाई मागितली नाही तर अर्जाची फी हजार रुपये. मंजुरीविरुद्ध अपील ३० दिवसांत, सबळ कारण दिलं तर आणखी ६० दिवस.

पण हे सगळं मंजुरी झाल्यानंतरचं. लवादापुढे उभं राहिलं की पहिला प्रश्न येतो, सुनावणीत तुम्ही हा मुद्दा पुराव्यासह मांडला होता का? तिथं गावाकडं एक पानी निवेदन असतं आणि समोरच्याकडं तीनशे पानी अहवाल. अपीलासाठी वकील मोफत मिळतो, सुनावणीसाठी भूगर्भशास्त्रज्ञ मिळत नाही. धागाकर्त्यांच्या प्रश्नाला उत्तर म्हणून एवढंच सांगतो की नागरिकांनी पर्यावरण सुनावणीत तज्ज्ञ आणावा म्हणून राखून ठेवलेलं वेगळं शीर्ष २००६ च्या अधिसूचनेत नाही.

सह्यभटक्या

जागा अगदी जवळ हवी म्हणता, पण सुरजागड लोहखाणीच्या विस्ताराची जनसुनावणी २०२२ मध्ये गडचिरोलीत जिल्हाधिकारी कार्यालयात झाली. खाण एटापल्ली तालुक्यात, शंभर किलोमीटरहून लांब. ज्याच्याकडं गाडीभाड्याचे पैसे नाहीत तो माणूस प्रक्रियेच्या बाहेरच राहतो. निव्वळ प्रवासखर्च दिला असता तरी गर्दीचा चेहरा बदलला असता. त्यामुळे सिडको_३ यांचं 'पैसे नकोत' मला पटत नाही.

त्र्यंबकची_सून

आमच्याकडचं लिहिते. त्र्यंबक, पेठ, सुरगाणा हा पेसाचा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना हक्क देणाऱ्या कायद्याचा, भाग. १९९६ च्या कायद्यात स्पष्ट आहे की अनुसूचित क्षेत्रात गौण खनिजाचा पट्टा द्यायच्या आधी ग्रामसभेची किंवा योग्य पातळीवरच्या पंचायतीची शिफारस लागते. राज्याचे नियम २०१४ मध्ये आले. म्हणजे सुनावणीच्या आधीच आमचं दार आहे.

आणि पैसे मागता तर पेसा पंचायतींना पाच टक्के अबंध निधी थेट येतो. पायाभूत सुविधा, पेसा आणि वनहक्क कायद्याची अंमलबजावणी, आरोग्य-शिक्षण, वनसंवर्धन अशा कामांना तो वापरायचा असतो. खर्च ग्रामसभा ठरवते. आमच्या पाड्यावर बायकांनी गेल्या ग्रामसभेत विचारलं की पेसाची अंमलबजावणी म्हणजे काय? खाणीचा नकाशा वाचायला माणूस आणणं त्यात बसत नाही का? ग्रामसेवक म्हणाला बघतो. आम्ही ठराव लिहून घेतला, सह्या-अंगठे झाले. अजून पैसे सुटलेले नाहीत, पण ठराव वहीत आहे.

ब्रह्मगिरीवर २०२१ मध्ये खोदकाम उघड झालं तेव्हा शहरातून खूप लोक आले, पेपरांत आलं, त्यांचे उपकारच आहेत. पण रोज डोंगराखाली राहणाऱ्या बाईनं सुनावणीला जायचं म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली, पोरं शेजारणीकडं आणि गुरं बांधलेली. तिला विचारलं का आली नाहीस, तर ती काय सांगणार? शेंगदाणे-चहाचं नाही म्हणत मी, बुडालेल्या रोजाचं म्हणते.

गोदातीर (धागाकर्ता)

ताई, तो ठराव इथं टाकू शकाल का? नावं झाकून. आमचं गाव पेसात नाही, पण शब्दरचना उपयोगी पडेल.

वकीलसाहेब, आमच्या नोटिशीची तारीख आणि सुनावणीची तारीख आज पुन्हा मोजतो.

निवृत्त_भूजलवाला

भूजलाच्या कामात आयुष्य गेलं, म्हणून जरा सविस्तर.

नाशिकचा दगड म्हणजे बेसाल्टचे एकावर एक थर. घट्ट काळ्या पाषाणात पाणी जवळजवळ नसतं. ते असतं भेगांत, सांध्यांत, दोन थरांमधल्या सच्छिद्र पट्ट्यात. डोंगरावर पडलेला पाऊस या भेगांतून उतरतो आणि पायथ्याच्या विहिरींना, झऱ्यांना मिळतो. खाणीनं एखादा पाणी वाहणारा सांधा उघडा केला की पाणी खाणीच्या खड्ड्यात येतं. तिथून ते पंपानं बाहेर टाकतात आणि खालची विहीर डिसेंबरातच तळ दाखवते. आता खालच्या शेतकऱ्यानं हे सिद्ध कसं करायचं? खाणीच्या आधी त्याच्या विहिरीला पाणी किती होतं, याची नोंदच नसते.

अहवालातल्या पायाभूत माहितीत नेमकी इथं फट असते. नियमानं एका ऋतूची माहिती पुरते आणि तो ऋतू पावसाळा सोडून. आपल्याकडं पाणी मुरतं ते पावसाळ्यात. जानेवारी ते मार्चची विहीर मोजून डोंगराचं पाणी कळत नाही. त्यामुळे तज्ज्ञ आला तर त्यानं पहिलं हे बघावं. नमुने कुठल्या महिन्यात घेतले, किती विहिरी बघितल्या, त्या उताराच्या कुठल्या अंगाला आहेत, खाणीचा अंतिम तळ आणि भूजलाची पातळी यांत किती अंतर सोडलंय. चार प्रश्न आहेत, पण ते विचारायला तो अहवाल वाचणारा डोळा लागतो.

सुरुंगाचं तसंच. खाण सुरक्षा महासंचालनालयाचं १९९७ चं परिपत्रक आहे. मातीविटांच्या घरापाशी कमी वारंवारतेचा हादरा सेकंदाला ५ मिलिमीटरच्या आत हवा. तो मोजायचं यंत्र भाड्यानं मिळतं. गावानं स्वतः मोजलं तर भिंतीच्या तड्यावरचा वाद बराच लवकर संपेल.

पैशाबाबत माझं म्हणणं असं. जमिनीच्या सरकारी मोजणीची फी अर्जदार भरतो, तरी मोजणीदार त्याचा नोकर होत नाही आणि लगतच्या खातेदारालाही नोटीस जाते. खाणीच्या अभ्यासातही तसं करता येईल. पैसा प्रकल्पाकडून घ्या, पण तज्ज्ञ निवडायचा अधिकार ना प्रकल्पवाल्याला, ना एकट्या सरपंचाला.

क्रशरवाला_नाशिककर

निवृत्त काका, मोजणीचा मुद्दा समजला. पण मोजणीत एकच मोजणीदार असतो. तुम्ही तर दोन तज्ज्ञ मागताय, आमचा वेगळा आणि गावाचा वेगळा. मग दोघांत भांडण आणि निकाल कोण देणार? मंजुरी वर्षानुवर्षं लटकणार. कर्जाचे हप्ते थांबत नाहीत, ड्रिलवाल्याचा, ड्रायव्हरचा पगार थांबत नाही. माझ्याकडचे बरेच कामगार शेजारच्याच गावातले आहेत, तेही गावकरीच. त्यांचा आवाज कोण धरणार?

एक मान्य करतो. अहवाल पूर्ण मराठीत असायला हवा. माझ्या स्वतःच्या पट्ट्याचा अहवाल मीही पूर्ण वाचू शकलो नाही, सल्लागारानं सांगितलं तेच धरून चाललो. तो खर्च माझ्यावर टाका, हरकत नाही.

मखमलाबादकर

आतापर्यंतचा सगळ्यात चांगला प्रतिसाद. दोन्ही बाजूंना कळत नाही असा अहवाल मंजूर होतो कसा!

भाषाभिमानी_देवळाली

२०२० चा पर्यावरण अधिसूचनेचा मसुदा आठवा. तो इंग्रजी आणि हिंदीतच काढला होता. ३० जून २०२० ला दिल्ली उच्च न्यायालयानं सांगितलं की आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत भाषांतर करा. त्याच मसुद्यात सुनावणीच्या नोटिशीची मुदत ३० वरून २० दिवसांवर आणायचा प्रस्ताव होता. मराठीत पूर्ण अहवाल आणि तीस दिवस, या दोन गोष्टींसाठी आपण सगळ्यांनी पाठ धरली तर निधी न मिळताही बरंच होईल.

बागाईतदार_दिंडोरी

बरंच होईल, पण पानावरची धूळ मराठीत मोजता येत नाही हो. ती मोजायला माणूस आणि यंत्रच लागतं. हवेत बारीक कणांची (पीएम १०) २४ तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे हे मला माहीत आहे, पण माझ्या बांधावर ते किती भरतात हे मी डोळ्यांनी सांगू शकत नाही. अहवालात मोजणीची जागा क्रशरच्या वाऱ्याच्या वरच्या अंगाला दाखवली होती. वारा उलट असताना माझ्याकडं कोणी आलं नाही.

क्रशरवाला भाऊ, तुमच्या कामगारांचं बोलणं खरं आहे. धुळीत सगळ्यात जवळ तेच उभे असतात. निधी आला तर त्यांच्या छातीची तपासणीही त्यातूनच व्हावी, माझी तयारी आहे.

सिडको_३

जिल्हा खनिज प्रतिष्ठानबद्दल कोणीच बोललं नाही. २०१५ च्या खाण कायदा दुरुस्तीतून ते आलं, गौण खनिजासाठी कलम १५अ खाली राज्याला रक्कम घेता येते. आपल्या राज्याचे नियम २०१६ चे. उद्देश काय, तर खाणीनं बाधित झालेल्या माणसांचं आणि भागाचं हित. प्राधान्याच्या यादीत पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण यांबरोबर पर्यावरण संरक्षण आणि प्रदूषण नियंत्रण आहे. हा पैसा खाणवाल्यानं आधीच भरलेला आहे, त्यामुळे क्रशरवाला भाऊंवर नवीन बोजाही नाही.

माझी टक्केवारीची भीती कायम आहे. म्हणून पैसे गावाच्या खात्यात नकोत. प्रतिष्ठाननं सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय, कृषी विद्यापीठ किंवा भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निवृत्त माणसांची एक यादी करावी, ग्रामसभेनं त्यातून निवडावं, आणि बिल थेट त्या माणसाला जावं. हिशेब जिल्ह्याच्या संकेतस्थळावर.

टोरोंटोची_ताई

सिडको_३, हे इथल्या पद्धतीच्या अगदी जवळ गेलं. फक्त एक सांभाळा. यादी सरकारनं केली आणि त्यात सरकारचा शब्द न मोडणारीच माणसं भरली तर गाव पुन्हा तिथंच. यादीबाहेरचा माणूस पात्र असेल तर ग्रामसभेला आणता आला पाहिजे. इथं अर्जदार स्वतःचा तज्ज्ञ स्वतः निवडतो, हिशेब मात्र काटेकोर द्यावा लागतो.

सह्यभटक्या

आणि वेळ. निधी सुनावणीच्या आदल्या आठवड्यात मिळून उपयोग नाही. अभ्यासाचा आराखडा ठरतो तेव्हाच मिळायला हवा, कारण कुठल्या विहिरी मोजायच्या हे तेव्हा ठरतं. कळणेचं उदाहरण घ्या, दोडामार्ग तालुक्यातलं. खाणीला गावानं विरोध केला, खाण झाली, आणि २०२१ च्या पावसात खाणीतलं साठलेलं पाणी फुटून चिखल गावात शिरला. उतार आणि पाणी कुणीकडं जातं हे गावाला माहीत असतं. पण ते नकाशावर मांडून द्यायला वेळेवर माणूस हवा.

वकीलसाहेब_शरणपूर

सह्यभटक्यांचा मुद्दा पुढे नेतो. गौण खनिजाला जिल्हा सर्वेक्षण अहवाल असतो. कुठल्या तालुक्यात किती खनिज, कुठं पट्टे देता येतील, हे त्यात येतं. तो मसुदा २१ दिवस लोकांसाठी खुला ठेवायचा असतो आणि हरकती घ्यायच्या असतात. तिथं गावं जवळजवळ येतच नाहीत, कारण कोणाला पत्ताच नसतो. निधी खरा उपयोगी पडेल तो इथं, पट्टा कागदावर यायच्या आधी. जिल्ह्याच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवा आणि माहितीच्या अधिकारात आधीच्या हरकतींच्या प्रती मागा. अर्जाची फी दहा रुपये.

क्रशरवाला_नाशिककर

प्रतिष्ठानच्या पैशातून असेल तर माझा विरोध कमी होतो, संपत नाही. माझी अट एकच. गावाच्या तज्ज्ञाचा अहवालही सुनावणीच्या आधी आम्हाला मिळाला पाहिजे. ऐन वेळी खिशातून कागद काढायचा आणि टाळ्या घ्यायच्या, हे नको. आमचा अहवाल तुम्हाला तीस दिवस आधी मिळतो ना?

निवृत्त_भूजलवाला

रास्त मागणी आहे. दोन्ही अहवाल आधी जाहीर झाले तर सुनावणीत भांडण मुद्द्यांवर होईल.

गोदातीर, तुमच्या सुनावणीला महिना आहे म्हणता. निधी येईल तेव्हा येईल. या रविवारी गावातल्या पोरांना घेऊन सगळ्या विहिरींची नोंद करा. सर्व्हे नंबर, काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर टेपनं, विहिरीची खोली, कोणत्या महिन्यात आटते ते मालकाच्या तोंडून, आणि मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश. तक्ता मला पाठवा. अहवालातल्या विहिरींशी मी ताडून देतो, पैसे नकोत.

गोदातीर (धागाकर्ता)

काका, कसे आभार मानू कळत नाही. रविवारीच करतो, पोरं तयार आहेत.

नोटिशीची तारीख मोजली. तीस दिवस पूर्ण होतात, त्यामुळे त्यावर हरकत नाही.

काल रात्री सरपंचताईंकडं बसलो होतो. विशेष ग्रामसभा बोलवायचं ठरलंय. तीन गोष्टी लेखी मागणार आहोत. संपूर्ण अहवालाचं मराठी भाषांतर आणि ते मिळाल्यापासून तीस दिवस. पावसाळ्यातल्या भूजलाचा अभ्यास झाल्याशिवाय मंजुरीचा विचार नको. आणि जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडून गावाच्या तज्ज्ञाचा, प्रवासाचा, बुडालेल्या मजुरीचा खर्च. तिसरी मागणी लगेच मान्य होणार नाही हे सरपंचताईंनाही ठाऊक आहे. पण आमची मागणी आणि तिचं उत्तर, दोन्ही कागदावर आली की पुढच्या गावाला तिथून सुरुवात करता येईल असं त्यांचं म्हणणं.

क्रशरवाला भाऊ, आमचा तक्ता तयार झाला की सुनावणीच्या आधी तुम्हालाही पाठवीन. वाचून चुका काढा.

क्रशरवाला_नाशिककर

पाठवा. वाचतो.

त्र्यंबकची_सून

ठराव टंकून ठेवलाय, नावं काढून टाकते आणि संध्याकाळी टाकते. त्यात एक ओळ वाढवा: तज्ज्ञ गावात येईल तेव्हा बायकांची बैठक वेगळी घ्यावी, कारण पाणी कुठं आटलं हे त्यांना आधी कळतं आणि मोठ्या सभेत त्या बोलत नाहीत. आमच्याकडं ही ओळ राहून गेली होती, पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत घालून घेणार आहोत.